ग्दान्स्क : पुन्हां उभें राहिलेलें बंदर

पडलेलें घर पुन्हां बांधावयाचें म्हटलें कीं घरधन्यापुढें पहिली अडचण उभी राहते ती ही कीं, जुनें होतें तसेंच बांधावें, कीं काळाला अनुसरून नवें बांधावें? एका घराच्या बाबतींत हा प्रश्न घरच्या माणसांच्या मसलतींत मिटतो. पण जळून खाक झालेलें आख्खें शहर जेव्हां पुन्हां उभें करावयाचें असतें, आणि त्या शहरांत पूर्वी राहणारीं माणसेंहि तेथें उरलेलीं नसतात, तेव्हां कोणाचें घर, कोणासाठीं आणि कोणत्या आठवणीप्रमाणें बांधावयाचें, असे तीन प्रश्न एकदम पुढें येतात. पोलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील ग्दान्स्क या बंदराला १९४५ सालीं हे तीनहि प्रश्न पडले. त्यांचीं उत्तरें त्या शहराच्या रस्त्यांतून पायीं हिंडणाऱ्याला आज वाचावयास मिळतात. मात्र तीं सर्वच उत्तरें दर्शनी भिंतींवर लिहिलेलीं नाहींत.

बाल्टिक समुद्राला मिळणाऱ्या विस्तुला नदीच्या मुखाजवळ, मोत्वावा नांवाच्या लहानशा नदीच्या कांठीं हें शहर वसलें आहे. त्याचा पहिला लेखी उल्लेख इ. स. ९९७ चा. १३०८ सालीं तें ट्यूटॉनिक सरदारसंघाच्या ताब्यांत गेलें. पुढें उत्तर युरोपांतील व्यापारी नगरांच्या हान्सा संघांत सामील झालें. १४५४ सालीं सरदारसंघाविरुद्ध बंड करून तें पोलंडच्या राजाच्या छत्राखालीं आलें आणि १७९३ पर्यंत तेथेंच राहिलें. त्या वर्षीं प्रशियानें तें घेतलें. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालीं, राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालीं डांझिग या जर्मन नांवाचें एक ‘स्वतंत्र नगर’ निर्माण करण्यांत आलें. रहिवासी बहुसंख्य जर्मनभाषी आणि बंदराची गरज मात्र पोलंडला, असा हा तेढीचा संसार वीस वर्षेंहि टिकला नाहीं. १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे एका जर्मन युद्धनौकेनें बंदराच्या तोंडाशीं असलेल्या वेस्टरप्लाटे येथील पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या आणि दुसऱ्या महायुद्धाला तोंड लागलें. सुमारें दोनशें शिपायांनीं तें ठाणें सात दिवस लढविलें.

ज्या शहरानें युद्धाचा आरंभ पाहिला त्याला त्याचा शेवटहि चुकला नाहीं. १९४५ च्या मार्चअखेर सोव्हिएट फौजांनीं शहर घेतलें, तेव्हां बॉंब, तोफा आणि आगी यांच्या तडाख्यांत ‘मुख्य नगर’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जुन्या भागाचा सुमारें नऊ दशांश हिस्सा नष्ट झाला होता. जर्मन रहिवाशांपैकीं पुष्कळ जण आधींच पळाले. जे उरले त्यांतील बहुतेकांना नंतर देशाबाहेर घालविण्यांत आलें. त्यांच्या जागीं आले ते दुसरेच लोक. कोणी मध्य पोलंडच्या खेड्यांतून आले, कोणी वॉर्सासारख्या उध्वस्त राजधानींतून, तर कोणी विल्नो व ल्वूव या पूर्वेकडील शहरांतून; कारण तो पूर्व भाग आतां सोव्हिएट संघांत गेला होता. स्वतःचें घर गमावून आलेल्या या माणसांपुढें दुसऱ्यांच्या घरांचे जळके ढीग पडलेले होते.

या ढिगांचें काय करावें याविषयीं जाणत्या लोकांत तीव्र मतभेद झाले. हे अवशेष युद्धाची साक्ष म्हणून तसेच राहूं द्यावेत, असें कांहींचें म्हणणें. ढिगारे उचलून त्या जागीं रुंद रस्त्यांचें, मोकळ्या हवेचें आधुनिक शहर वसवावें, असें दुसऱ्यांचें. जुन्या वास्तूंचे अभ्यासक म्हणत कीं, रस्त्यांची पूर्वीची आंखणी आणि घरांची दर्शनी बाजू राखूनच नगर उभारलें पाहिजे. हा तिसरा पक्ष अखेर मुख्य नगरापुरता विजयी झाला. परंतु त्याला एका अवघड प्रश्नाचें उत्तर द्यावें लागलें. जें शहर कालपर्यंत शत्रूचें म्हणून ओळखलें जात होतें, तें पोलिश जनतेनें आपल्या घामानें कां बांधावें? उत्तर इतिहासांतून काढण्यांत आलें. या नगराच्या भरभराटीचा काळ सोळाव्या व सतराव्या शतकांचा. त्या काळीं तें पोलंडच्या राजाच्या छत्राखालीं होतें, आणि त्याला रूप देणारे कित्येक शिल्पी फ्लँडर्स व हॉलंड या प्रांतांकडून आलेले होते. तेव्हां तोच काळ पुन्हां उभा करावयाचा, आणि प्रशियाच्या अमलांत एकोणिसाव्या शतकांत जी भर पडली ती शक्य तेथें वगळावयाची, असें धोरण पडलें. म्हणजे १९३९ सालीं जें शहर होतें तेंच्या तेंच पुन्हां झालें नाहीं. त्याच्या अनेक वयांपैकीं एक वय निवडण्यांत आलें. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवून प्रवाशानें वेशीपाशीं यावें.

पोलंडचे राजे ज्या मार्गानें नगरांत प्रवेश करीत त्याला आजहि ‘राजमार्ग’ म्हणतात. त्याच्या आरंभीं १५८८ सालीं पूर्ण झालेली ‘उंच वेस’ आहे. तिच्या मागें जुना तुरुंगाचा मनोरा आणि त्यामागें ‘सोनेरी वेस’. ही दुसरी वेस १६१२ ते १६१४ या काळांत आब्राहाम व्हान डेन ब्लोके या शिल्पकारानें बांधली. तिच्या माथ्यावर शांति, स्वातंत्र्य, न्याय, सलोखा इत्यादि सद्गुणांच्या मूर्ति आहेत आणि नगराच्या बाजूस एक लॅटिन वचन कोरलेलें आहे. सलोख्यानें लहान राज्यें वाढतात व कलहानें मोठीं राज्यें लयास जातात, असा त्याचा भावार्थ. ज्या रस्त्याकडे तोंड करून हें वचन कोरलें तोच रस्ता कलहाच्या आगींत जळाला, आणि वेसहि जळाली. आज प्रवासी जिच्याखालून जातो ती तिची युद्धानंतर झालेली दुरुस्ती होय.

वेशींतून आंत शिरतांच ‘लांब रस्ता’ दृष्टीस पडतो. दोहों बाजूंस अरुंद, उंच, एकमेकांना खेटून उभीं असलेलीं घरें. बहुतेकांच्या दर्शनीं ओळीनें तीनच खिडक्या. माथ्यावर पायऱ्यापायऱ्यांचीं किंवा वळणदार त्रिकोणी शिखरें. कोठें रंगीत चित्रें, कोठें मूर्ति, कोठें दारावर कोरलेली फुलांची माळ. प्रथम पाहणाऱ्याला हें सारें तीनचारशें वर्षांचें वाटतें. वस्तुतः यांपैकीं बहुतेक घरें १९५० नंतरच्या दशकांत बांधलेलीं आहेत. कामगारांनीं ढिगाऱ्यांतून चांगल्या विटा निवडून घेतल्या. जुने फोटो व चित्रें समोर ठेवून कारागिरांनीं शिखरें व चौकटी बसविल्या. तुटलेल्या कोरीव दगडांचे जे तुकडे सांपडले ते शक्य तेथें भिंतींत पुन्हां बसविण्यांत आले. भिंतींवरील पुष्कळशीं चित्रें मात्र जुन्यांच्या नकला नसून त्या दशकांतील चित्रकारांनीं आपल्या कल्पनेनें काढलेलीं आहेत.

प्रवाशानें एखाद्या बोळांतून या घरांच्या पाठीमागें जावें, म्हणजे दुसरी गोष्ट कळून येते. पूर्वी व्यापाऱ्याचें घर रस्त्यावर अरुंद पण आंत खोलवर गेलेलें असे. मागें चौक, त्यामागें आणखी इमारत, अशी दाटी असे. पुनर्रचनेंत मागची ही दाटी पुन्हां बांधली नाहीं. तेथें उजेडाचीं मोकळीं अंगणें व झाडें ठेवलीं. घरांच्या आंत तर व्यापाऱ्यांचीं दालनें नाहींतच. कष्टकरी कुटुंबांसाठीं लहान लहान बिऱ्हाडें काढलेलीं आहेत. पुढून दोन घरें दिसावीं आणि आंत जिना एकच असावा, असेंहि कांहीं ठिकाणीं आहे. श्रीमंत सावकाराच्या तोंडवळ्यामागें गिरणीकामगाराचा संसार, असा हा प्रकार. कोणी याला फसवणूक म्हणेल. पण छप्पर नसलेल्या हजारों कुटुंबांना निवारा हवा होता, आणि नव्या राजवटीला हें जुनें नगर उभारण्याचें पटण्याजोगें कारण हवें होतें. तीं दोन्ही कामें या एका युक्तीनें साधलीं. लांब रस्त्यावरील उपहागेन यांचें घर एवढाच एक अपवाद. अठराव्या शतकांतील व्यापाऱ्याच्या राहणीचा नमुना म्हणून तें १९११ पासून संग्रहालय होतें. त्यांतील सामानसुमानाचा कांहीं भाग युद्धांत अन्यत्र हलविल्यामुळें वांचला आणि १९९८ सालीं तें घर पुन्हां पाहणाऱ्यांना खुलें झालें.

लांब रस्ता जेथें रुंद होऊन ‘लांब बाजार’ बनतो तेथें नगरसभागृहाचा विटांचा मनोरा उभा आहे. ऐंशी मीटरांहून अधिक उंचीच्या या मनोऱ्याच्या टोकावर राजा झिग्मुंट आगुस्ट याचा सोनेरी पुतळा आहे. मूळचा पुतळा १५६१ सालचा. मनोऱ्याचें शिखर जळून कोसळल्यावर १९५० सालीं नवें शिखर चढविण्यांत आलें. ही इमारत इतकी खिळखिळी झाली होती कीं ती पाडावी लागेल असें वाटत होतें. परंतु तिचें अंतरंग जें आज दिसतें तें बव्हंशी अस्सल आहे, आणि त्याचें कारण मोठें विचार करण्याजोगें आहे. युद्ध शहराकडे सरकूं लागतांच त्या वेळच्या जर्मन संरक्षकांनीं लाल दालनांतील लांकडी नक्षी व छतांतील चित्रें उतरवून सुरक्षित जागीं नेऊन ठेविलीं. तेथील मध्यवर्ती चित्र इझाक व्हान डेन ब्लोके यानें १६०८ सालीं काढलें. आकाशांतून आलेला ईश्वराचा हात नगराच्या मनोऱ्याला आधार देत आहे, असा त्यांतील देखावा. आर्टुस सभागृहांतील सुमारें दहा मीटर उंचीची, पांचशेंहून अधिक चित्रित फरशांची १५४५-४६ सालची शेगडीहि अशीच उतरवून ठेवली गेली आणि तिचे वांचलेले भाग घेऊन ती १९९५ सालीं पुन्हां जुळविण्यांत आली. एका राष्ट्राच्या माणसांनीं जाण्यापूर्वी जें जपून ठेविलें तें दुसऱ्या राष्ट्राच्या माणसांनीं शोधून परत जागेवर बसविलें. या दोघांची कधीं भेट झाली नसेल. पण काम मात्र दोघांचें एकच होतें.

सभागृहापुढील कारंज्यांत वरुणदेवाच्या पदवीचा नेप्चून त्रिशूळ घेऊन उभा आहे. १६३३ पासून तो नगराचा मानकरी. युद्धांत लपवून ठेवलेली ही कांशाची मूर्ति १९५४ सालीं आपल्या जागीं परत आली. शेजारीं १६०९ चें ‘सोनेरी घर’ आणि बाजाराच्या शेवटीं ‘हिरवी वेस’. ही वेस ओलांडली कीं एकदम मोत्वावेचा धक्का लागतो, आणि एवढें वैभव आलें कोठून याचा उलगडा होतो.

समोर नदीच्या दोन फांट्यांमध्यें वखारींचें बेट आहे. पोलंडच्या शेतांत पिकलेली राय व गहूं विस्तुलेच्या प्रवाहावरून येथें येत, या बेटावरील कोठारांत सांठविले जात, आणि गलबतांतून हॉलंड व इतर पश्चिमी देशांकडे जात. सतराव्या शतकांत या बेटावर तीनशेंहून अधिक कोठारें होतीं. तीं जळालीं तीं मुख्य नगराप्रमाणें लगेच उभारलीं गेलीं नाहींत. त्यांच्या उघड्या भिंती गवतांत अनेक दशकें तशाच राहिल्या. एकविसाव्या शतकांत तेथें नव्या इमारती झाल्या, त्यांनीं कोठारांचा आकार घेतला पण कांच, लोखंड व आधुनिक वीट लपविली नाहीं. एकाच नदीच्या दोन तीरांवर पुनर्बांधणीच्या दोन पद्धति अशा समोरासमोर पाहावयास मिळतात.

धक्क्यानें उत्तरेकडे चालत गेलें कीं नदीवर झुकलेली काळ्या लांकडाची प्रचंड यारी दिसते. तिचें पोलिश नांव झुराव, म्हणजे क्रौंच पक्षी. १४४२ ते १४४४ या काळांत ती बांधली. यारी आणि वेस अशीं दोन्ही कामें ती करी. तिच्या पोटांत मोठालीं लांकडी चाकें आहेत. माणसें त्या चाकांच्या आंत शिरून पायांनीं चालत, चाक फिरे, दोर गुंडाळला जाई आणि सुमारें चार टनांपर्यंतचें ओझें वर उचललें जाई. गलबतांवर डोलकाठ्या उभारण्याचें कामहि तीच करी. दिवसभर चालून एक पाऊलहि पुढें न जाणाऱ्या त्या मजुरांच्या पायांवर या बाजारपेठेचा डोलारा उभा होता. १९४५ सालीं यारीचा लांकडी भाग जळून गेला आणि विटांचे बुरूज तेवढे राहिले. पुढें ती जुन्या घडणीप्रमाणें पुन्हां बांधण्यांत आली.

यारीपासून थोडें मागें येऊन मार्यात्स्का गल्लींत वळावें. येथें प्रत्येक घरापुढें कोरीव कठड्याचा दगडी ओटा आहे आणि छपराचें पाणी ओकणाऱ्या पन्हळींना मगरीमाशांचीं तोंडें आहेत. ओट्यांखालच्या तळघरांतून बाल्टिकच्या किनाऱ्यावर सांपडणाऱ्या अंबराचे, म्हणजे तृणमण्याचे, दागिने विकले जातात. गल्लीच्या टोकाशीं सेंट मेरीचें देऊळ डोंगरासारखें उभें आहे. १३४३ ते १५०२ असें दीडशेंहून अधिक वर्षें त्याचें काम चाललें. शुद्ध विटांच्या जगांतील सर्वांत मोठ्या देवळांत त्याची गणना होते. त्याचें छप्पर जळलें, घुमटीचा पुष्कळ भाग कोसळला, तरी भिंती टिकल्या. आंत हान्स ड्यूरिंगर यानें १४६४ ते १४७० या काळांत बनविलेलें ग्रहगणिताचें भव्य घड्याळ आहे. असें घड्याळ त्यानें दुसऱ्या नगराला करून देऊं नये म्हणून नगरवासीयांनीं त्याचे डोळे काढले, अशी एक दंतकथा सांगतात. घड्याळ सोळाव्या शतकांत बंद पडलें तें कित्येक पिढ्या मुकेंच राहिलें. युद्धांत त्याचे भाग सोडवून हलविले होते म्हणून ते वांचले, आणि १९८३ नंतरच्या दहा वर्षांत तें पुन्हां चालतें करण्यांत आलें.

देवळाच्या पश्चिमेस कांहीं मिनिटांच्या अंतरावर ‘लांकूडबाजार’ नांवाचा चौक आहे. तेथें राजा यान सोबिएस्की याचा अश्वारूढ पुतळा पाहून जाणता प्रवासी थबकतो. हा पुतळा १८९८ सालीं ल्वूव शहरांत उभारलेला. तें शहर सोव्हिएट संघांत गेल्यावर पुतळा १९५० सालीं वॉर्साला आणि १९६५ सालीं येथें आला. ल्वूवहून गांठोडीं घेऊन आलेल्या माणसांच्या मागोमाग त्यांचा राजाहि घोड्यावर बसून आला म्हणावयाचा. या ठिकाणीं महाराष्ट्रांतील प्रवाशाला कोल्हापूरची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १९४० सालीं पूर्व पोलंडमधून सायबेरियाकडे हद्दपार झालेल्या कुटुंबांपैकीं सुमारें पांच हजार माणसें, विशेषतः बायका व मुलें, इराणमार्गें हिंदुस्थानांत आलीं आणि १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणींत राहिलीं. त्यांना परत जावयास गांव उरला नव्हता, कारण तो दुसऱ्या देशांत गेला होता. पंचगंगेच्या परिसरांत ज्यांनीं आसरा घेतला ते, आणि मोत्वावेच्या कांठीं ज्यांनीं विटा निवडल्या ते, एकाच उखडलेल्या भूमीचे लोक होत.

चौकाकडून उत्तरेस गेलें कीं गोदी येते. येथें नक्षीदार शिखरें नाहींत. लोखंडी फाटक आहे आणि ४२ मीटर उंचीचे पोलादाचे तीन क्रूस आहेत. १९७० च्या डिसेंबरांत संपावर गेलेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांत मेलेल्यांचें हें स्मारक. तें उभारलें गेलें १९८० सालीं. कारण त्याच वर्षीं ऑगस्टांत या गोदींतील कामगारांनीं संप पुकारून, लेख वाव्हेंसा यांच्या पुढारपणाखालीं, स्वतंत्र कामगारसंघटनेचा हक्क सरकारकडून लिहून घेतला. ‘सॉलिडॅरिटी’ची ती चळवळ पुढें साऱ्या पूर्व युरोपांतील राजवटींना हादरा देणारी ठरली. त्या संपांतील कितीतरी माणसें पंचेचाळीस सालानंतर आलेल्यांचीं मुलें होतीं. परक्यांचें म्हणून मिळालेलें शहर एका पिढींत त्यांचें झालें तें भिंती बांधल्यामुळें, आणि त्याहीपेक्षां त्या भिंतींच्या आड उभें राहून त्यांनीं आपला हक्क मागितला यामुळें.

येवढें पाहून कोणी परत फिरला तर त्यानें एक सुंदर नगर पाहिलें असें होईल; पण त्याची फेरी पुरी झाली असें होणार नाहीं. कारण जें पुन्हां बांधलें त्याच्याइतकेंच जें बांधलें नाहीं तेंहि या शहराच्या हकीकतींत मोडतें. लांब रस्त्याच्या दक्षिणेस १८८७ सालीं बांधलेलें ज्यू लोकांचें मोठें प्रार्थनामंदिर होतें. १९३९ च्या मे महिन्यांत, युद्धाला तोंड लागण्यापूर्वीच, नाझी अमलाखालीं तें पाडण्यांत आलें. तें पुन्हां उभें राहिलें नाहीं. जर्मन काळांतील दफनभूमीहि युद्धानंतरच्या दशकांत एकेक करून सपाट करण्यांत आल्या. त्यांचीं नांवें घेण्याची सोय पुष्कळ वर्षें नव्हती.

रेल्वेस्टेशनाच्या मागल्या बाजूस, फेरी जेथें सुरू झाली त्या उंच वेशीपासून थोड्याच अंतरावर, झाडांच्या सांवलींत एक शांत जागा आहे. २००२ सालीं शहरानें ती तयार केली. तिला ‘नष्ट झालेल्या दफनभूमींची दफनभूमि’ असें नांव आहे. जुन्या थडग्यांचे फुटके दगड तेथें आणून ठेवले आहेत. निरनिराळ्या धर्मांच्या व पंथांच्या ज्या रहिवाशांची समाधि शहरांत उरली नाहीं, त्या सर्वांसाठीं ही जागा आहे. येथें तिकीट नाहीं, दुकान नाहीं, आणि सहसा गर्दीहि नसते.

घर कोणाचें, कोणासाठीं आणि कोणत्या आठवणीप्रमाणें, या तीन प्रश्नांपैकीं पहिल्या दोहोंचीं उत्तरें बांधणाऱ्यांनीं पहिल्या दहापंधरा वर्षांतच दिलीं होतीं. घर आतां त्यांचें होतें, आणि तें निवाऱ्यासाठीं आलेल्यांसाठीं होतें. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास मात्र पन्नासाहून अधिक वर्षें लागलीं. तोंपर्यंत नगरानें आपल्याला हवी ती आठवण विटांत उभी केली होती. या झाडांखालीं त्यानें नको असलेली आठवणहि आपली म्हणून जवळ केली. नेप्चूनच्या कारंज्यापाशीं पोहोंचणाऱ्या प्रवाशांना तोटा नाहीं. त्यांतील ज्याला सवड असेल त्यानें गाडीकडे वळण्यापूर्वी पांच मिनिटें येथें उभें राहावें, म्हणजे लांब रस्त्यावरच्या त्या देखण्या घरांचा अर्थ त्याला अधिक खरेपणानें कळेल.